ही लिंक उघडू का? फसवे मेसेज आणि खोट्या वेबसाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या वर्षी सांगलीला माझ्या मामाचे ६८ हजार रुपये गेले. गाडीच्या दंडाच्या, म्हणजे चलनाच्या, एका मेसेजवरून गेले, आणि त्याने दोन दिवस घरात कुणालाच सांगितलं नाही. ते कळल्यापासून घरातले, सोसायटीतले, ऑफिसातले सगळे मला स्क्रीनशॉट पाठवून विचारतात की हे खरं आहे का गं, उघडू का, आता उघडलंय तर काय करू. मी पोलीस नाही की बँकेतली अधिकारी नाही, कॉम्प्युटरच्या क्षेत्रात काम करते आणि त्या प्रकरणानंतर या विषयाच्या मागे लागले एवढंच. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. कुणालाही पाठवा.

फिशिंग म्हणजे नक्की काय?

गळ टाकणं. मासा ओळखीचं खाणं बघून येतो तसं तुम्हाला ओळखीचं नाव दाखवतात, बँक, महावितरण, पोस्ट, आरटीओ, इन्कम टॅक्स, आणि तुमच्याकडूनच पासवर्ड, कार्ड नंबर, ओटीपी किंवा फोनचा ताबा काढून घेतात. यात बहुतेक वेळा कुणी बँकेचा कॉम्प्युटर फोडलेला नसतो, दार आपणच उघडतो कारण बाहेर उभा असलेला माणूस ओळखीचा वाटतो. ईमेलने आला तर फिशिंग, एसएमएसने आला तर काही जण स्मिशिंग म्हणतात, फोनवरून विशिंग. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल.

मेसेज खोटा आहे हे बघताक्षणी कसं ओळखायचं? स्पेलिंगच्या चुका बघायच्या ना?

हा सल्ला आता जुना झाला आणि त्याच्यावर विसंबून राहू नका असं मी कळकळीने सांगेन. पूर्वी "प्रीय ग्राहक आपला खाते बंद झाली आहे" असलं मराठी यायचं आणि लगेच कळायचं. आता मराठीसुद्धा शुद्ध येतं, लोगो तोच, रंग तोच, खाली पत्ता आणि टोल फ्री नंबरसुद्धा खराच टाकलेला असतो. दिसण्यावरून ओळखायला गेलात तर फसाल.

त्यापेक्षा तो मेसेज तुमच्या मनात काय करतोय ते बघा. घाबरवतोय का, घाई करतोय का, काहीतरी फुकट देतोय का. २०२२ मध्ये वीजबिलाचा तो मेसेज सगळीकडे फिरत होता, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. रात्री साडेनऊच का? कारण तेव्हा ऑफिस बंद असतं, विचारायला जायला जागा नसते, आणि घरात आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर अंधाराची कल्पनाच करवत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकलं म्हणून वीज तोडायची असेल तर किमान १५ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. हे माहीत असलं की तो मेसेज लगेच पोकळ वाटायला लागतो.

माझा स्वतःचा नियम असा आहे की मेसेज वाचून छातीत धस्स झालं किंवा एकदम आनंद झाला तर फोन खाली ठेवायचा, पाणी प्यायचं, आणि मग ते काम आपल्या रस्त्याने करायचं. म्हणजे महावितरणचं बिल बघायचंय तर महावितरणचं ॲप आपण उघडायचं. बँकेत काही गडबड आहे म्हणतायत तर पासबुकावरच्या किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. आपल्याकडे चालत आलेल्या लिंकवरून आणि चालत आलेल्या नंबरवरून काहीच करायचं नाही. एवढं एक जमलं तर पुढचं अर्धं वाचायची गरज नाही खरं तर, पण तरी वाचा.

लिंक वाचायची कशी? मला तर ती नुसती अक्षरं वाटतात.

हे शिकण्यासारखं आहे, दहा मिनिटं लागतात आणि आयुष्यभर उपयोगी पडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेबसाइटचा पत्ता आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखाच असतो. "वैकुंठ, दुसरी गल्ली, विश्रामबाग, सांगली" यात घराचं नाव मालक वाटेल ते ठेवू शकतो पण शेवटचं सांगली तो बदलू शकत नाही. वेबसाइटचंही तसंच, महत्त्वाचं सगळं उजवीकडे असतं. आधी पत्त्यातला पहिला तिरका स्लॅश शोधायचा (सुरुवातीच्या एचटीटीपीएस नंतरचे दोन सोडून). त्या स्लॅशच्या लगेच डावीकडे जे आहे तो खरा मालक. स्लॅशच्या उजवीकडे काय लिहिलंय त्याला काही किंमत नाही आणि अगदी डावीकडे काय लिहिलंय त्यालाही नाही.

उदाहरण घ्या. "एसबीआय डॉट बँक डॉट इन स्लॅश लॉगिन" यात स्लॅशच्या आधी बँक डॉट इन आहे, ठीक. आता "एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप स्लॅश लॉगिन" हे बघा. सुरुवात हुबेहूब तीच, पण स्लॅशच्या आधी "अमुकतमुक डॉट टॉप" आहे, म्हणजे ही जागा अमुकतमुकची, त्याने आपल्या घराच्या पाटीवर बँकेचं नाव रंगवलंय फक्त. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतो, त्यांचा सगळा धंदा त्या सवयीवर चालतो.

दुसरी युक्ती डॅशची. सरकारी साइटचा शेवट "डॉट जीओव्ही डॉट इन" असा असतो आणि हा शेवट खासगी माणसाला विकत मिळत नाही, सरकारी खात्यांनाच मिळतो. पण "महाराष्ट्र डॅश जीओव्ही डॅश इन डॉट कॉम" हे नाव कुणीही हजार रुपयांच्या आत घेऊ शकतो. डॉट आणि डॅश यात फरक आहे हे आमच्या बाबांना मी पेन घेऊन कागदावर काढून दाखवलं तेव्हा पटलं.

तिसरी युक्ती अक्षरांची. इंग्रजी छोटं आर आणि एन जवळ जवळ लिहिलं की एम दिसतं. छोटं एल आणि मोठं आय बऱ्याच फॉन्टमध्ये सारखंच दिसतं, शून्य आणि ओ तर आहेतच. रशियन लिपीतला 'ए' इंग्रजी 'ए' सारखाच दिसतो पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळं अक्षर आहे, तोही वापरून झालाय. हे डोळ्यांना कळत नाही, माझ्याही नाही, म्हणून पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारी सोय) वापरते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आणि छोट्या केलेल्या लिंक असतात, बिटली वगैरे, त्यात मालक दिसतच नाही. अशी लिंक पैशाच्या किंवा केवायसीच्या मेसेजमध्ये आली तर उघडूच नका. मोबाईलवर पत्ता अर्धवट दिसतो हेही लक्षात ठेवा, वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघायचा.

पण साइटला कुलूप आहे, एचटीटीपीएस आहे, मग सुरक्षितच ना?

नाही. कुलुपाचा अर्थ इतकाच की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाताना मधे कुणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही, चोर बसला असेल तर तुमचा पासवर्ड अगदी सुरक्षितपणे चोराकडे पोचतो. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थांकडून या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट काही मिनिटांत आणि फुकट मिळतं (चांगलीच सोय आहे ती, आम्हीही वापरतो) आणि ठगांनाही ते मिळतंच. लोक कुलूप बघून गाफील राहतात म्हणूनच गुगलने २०२३ मध्ये क्रोममधलं कुलपाचं चिन्ह काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह टाकलं. एचटीटीपीएस नसेल तर तिथे काही भरू नका हे खरंच, पण असेल म्हणून भरा असा उलटा अर्थ होत नाही.

मग बँकेची खरी साइट कुठली हे ओळखायला काहीतरी पक्की खूण आहे का?

आता आहे, आणि ही गोष्ट लोकांना अजून फारशी माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांनी आपल्या साइट "डॉट बँक डॉट इन" या शेवटावर न्यायच्या, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हा शेवट कुणालाही विकत मिळत नाही, हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने उभी केलेली संस्था तो फक्त बँकांना देते. आपल्याकडे गावोगावी सहकारी बँका आहेत, त्यांनाही हे लागू आहे. तेव्हा नेट बँकिंगला लॉगिन करताना स्लॅशच्या आधी बँक डॉट इन दिसतंय का बघा, जुना पत्ता टाकला तरी बहुतेक बँकांचं पान आपोआप नव्या पत्त्यावर जातं. एकदा खात्री करून बुकमार्क करून ठेवा आणि तिथूनच जात जा.

एसएमएस कुणाकडून आलाय हे बघून काही कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. बँक किंवा महावितरण तुम्हाला दहा आकडी मोबाईल नंबरवरून असले मेसेज पाठवत नाही, त्यांचा मेसेज अक्षरांच्या नावावरून येतो. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षरही असतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँका आणि सरकारी खात्यांच्या फोनसाठी १६०० पासून सुरू होणारे नंबर दिलेत आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० चे. तर "मी तुमच्या बँकेच्या हेड ऑफिसमधून बोलतोय" म्हणणारा साध्या मोबाईलवरून बोलत असेल तर फोन ठेवून द्या, उद्धट वाटेल वगैरे विचार करू नका.

पण व्हॉट्सॲपवर यातलं काहीच नसतं. तिथे बँकेचा लोगो डीपीला लावला की झालं. शिवाय मेसेज ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आला म्हणजे त्याने पाठवलाय असंही नाही, मामाचं तसंच झालं.

मामाचं नक्की काय झालं?

सांगते, त्याने परवानगी दिलीय. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपला मेसेज आला की तुमच्या गाडीवर चलन झालंय, पुरावा आणि दंड बघण्यासाठी खालची फाइल उघडा. फाइलचं नाव आरटीओ चलन आणि शेवटी डॉट एपीके. मामाची स्कूटर आहे, आदल्या आठवड्यात तो हेल्मेट न घालता मार्केट यार्डला गेला होता, त्यामुळे त्याला वाटलं झालंच असणार. त्याने फाइल दाबली, फोनने विचारलं की अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायचंय का, त्याने हो केलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, हो केलं. मग गाडीची खात्री करायला फक्त १ रुपया भरा म्हणून पान आलं, त्यात कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. त्याने भरले. चक्र फिरत राहिलं, पुढे काही झालं नाही, ॲपचं चिन्हही दिसेना, म्हणून त्याला वाटलं की नेट गेलं असेल आणि तो जेवायला बसला.

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲपच, फोटो नाही, पीडीएफ नाही. चलनाचा कागद कधीही एपीके नसतो, लग्नपत्रिका नसते, पीएम किसानची यादी नसते, बँकेचं केवायसी तर मुळीच नसतं. हे ॲप आत बसून येणारा प्रत्येक एसएमएस चोराकडे पाठवतं, म्हणजे ओटीपी कुणाला सांगायची गरजच उरत नाही, मामाने कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता आणि तो आजही हेच म्हणतो की मी तर कुणाला काही सांगितलं नाही. रात्रीतून तीन व्यवहार झाले. आणि त्याच्या फोनवरून तीच फाइल पुढे त्याच्या ओळखीच्यांना गेली, जशी त्या काकांच्या फोनवरून त्याला आली होती. काकांनाही पत्ता नव्हता.

खरं चलन बघायचं असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलन साइट किंवा परिवहनची साइट, दोन्हींचा शेवट जीओव्ही डॉट इन. गाडीचा नंबर टाका, चलन असेल तर दिसेल, नसेल तर नाही.

असं ॲप चुकून टाकलं गेलं तर लगेच काय करायचं?

पहिल्यांदा फोन विमान मोडवर टाका, वाय-फाय पण बंद झालंय का बघा. नेट आणि सिम दोन्ही बंद झालं की ते ॲप काही पाठवू शकत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३०, त्याचं पुढे लिहिते. मग सेटिंगमधे जाऊन ॲपची यादी बघा, चिन्ह लपलेलं असलं तरी यादीत नाव दिसतं, काढता येत नसेल तर आधी डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटीमधून त्याची परवानगी काढा, तरी जात नसेल तर सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात) फोन सुरू करून काढा. शंका राहिलीच तर फोटो आणि नंबर वाचवून फोन फॅक्टरी रिसेट करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आणि ज्यांना ज्यांना तुमच्याकडून ती फाइल गेली असेल त्यांना फोन करून सांगा, मेसेज करू नका, फोन करा.

मी फक्त लिंक उघडली, काही भरलं नाही. फोन हॅक झाला का?

बहुतेक वेळा नाही, घाबरू नका. फोन आणि ब्राउझर अपडेट असेल तर नुसतं पान उघडल्याने सहसा काही होत नाही, नुकसान होतं ते तिथे काही भरल्याने, काही डाउनलोड केल्याने किंवा कशाला तरी "अलाऊ" म्हटल्याने. पान बंद करा, डाउनलोडचं फोल्डर बघा, अनोळखी फाइल असेल तर न उघडता काढून टाका. नंतर दोनचार दिवस "तुमच्या फोनमध्ये ७ व्हायरस सापडले" अशी नोटिफिकेशनं यायला लागली तर ती त्या साइटला तुम्ही दिलेल्या परवानगीमुळे येतात, क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमधून ती साइट काढली की थांबतात. त्या व्हायरसच्या मेसेजवर मात्र दाबू नका, तो पुढचा गळ असतो.

लाडकी बहीण, एचएसआरपी नंबर प्लेट, पीएम किसान यांच्या साइट गुगलवर शोधल्या की पहिली येते तीच खरी ना?

नाही ना, आणि इथे आपल्याकडचे सगळ्यात गरजू लोक अडकतात म्हणून मला याचा राग येतो. सरकारने एखादी गोष्ट सक्तीची केली आणि शेवटची तारीख दिली की आठवड्याभरात खोट्या साइट उभ्या राहतात. २०२५ मध्ये १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी लावायची धावपळ होती तेव्हा हुबेहूब दिसणाऱ्या साइट निघाल्या, लोकांनी पैसे भरले, प्लेट आलीच नाही. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा तेच. महिन्याला १,५०० रुपयांवर जिचं घर चालतं ती बाई घाईत गुगलवर शोधते, वर जाहिरात असते, ती जाहिरात आहे हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि ती आधार नंबर, बँक खातं, ओटीपी सगळं भरून मोकळी होते.

लाडकी बहीणची खरी साइट "महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" ने संपते. पीएम किसानची जीओव्ही डॉट इनने संपते. एचएसआरपीचं जरा अवघड आहे कारण ते काम खासगी कंपन्यांना दिलेलं आहे आणि त्यांच्या साइट सरकारी शेवटाच्या नाहीत, म्हणून परिवहन विभागाच्या महाराष्ट्र सरकारच्या साइटवर आधी जायचं आणि तिथल्या लिंकवरून पुढे जायचं, थेट शोधायचं नाही. शेजारी कुणी ताई किंवा मावशी असं काही भरणार असतील तर पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा हो, एवढीच विनंती.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधला तर?

शोधू नका. ठग स्वतःचे नंबर कंपनीच्या नावाने नकाशावर, जाहिरातीत, सोशल मीडियावर टाकून ठेवतात, तुम्हीच फोन करता त्यामुळे संशय येत नाही. मग तो "सर एक ॲप टाका, मी बघतो" म्हणून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो आणि तुम्ही पिन टाकताना तो बघत असतो. नंबर कंपनीच्या ॲपमधून, बिलावरून, कार्डावरून घ्या. रिफंड द्यायला कुणालाही तुमची स्क्रीन बघावी लागत नाही.

पोस्टाचं पार्सल अडकलंय, पत्ता अपूर्ण आहे, २५ रुपये भरा असा मेसेज आलाय. रक्कम तर किरकोळ आहे?

रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवतात. त्यांना २५ रुपये नकोच असतात, कार्डाचा नंबर हवा असतो. मामाचा १ रुपया आठवा.

क्यूआर कोड स्कॅन करून पैसे येतात का?

नाही. क्यूआर स्कॅन करून आणि यूपीआय पिन टाकून पैसे फक्त जातात, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ऑनलाइन जुना सोफा, पंखा विकताना "मी आर्मीत आहे, कोड पाठवतो, स्कॅन करा" म्हणणारे याच प्रकारातले. एकमेकांना पैसे मागायची विनंती पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे तो एक रस्ता कमी झाला, क्यूआरचा चालूच आहे.

पासवर्ड मॅनेजरचा याच्याशी काय संबंध?

मला वाटतं हा सगळ्यात कमी लेखलेला उपाय आहे. पासवर्ड मॅनेजर पासवर्ड साठवताना पत्ताही साठवतो. साइट दिसायला हुबेहूब असली आणि तुमचे डोळे फसले तरी तो फसत नाही, पत्ता वेगळा असला की तो पासवर्ड भरतच नाही. तेव्हा एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज का भरला जात नाहीये असं वाटलं की हाताने टाइप करायच्या आधी थांबा आणि पत्ता वाचा. फोनमध्ये गुगलचा किंवा ॲपलचा असतोच, तो पुरेसा आहे. पासकीची (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने लॉगिन करायची) सोय जिथे असेल तिथे तीच घ्या, ती खोट्या साइटवर चालतच नाही. ओटीपीमुळे सुरक्षा वाढते हे खरं पण खोटी साइट तुमच्याकडून ओटीपी घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर भरू शकते, म्हणून "ओटीपी आहे ना, मग काय होतंय" असं म्हणू नका.

पैसे गेले. आता काय?

आधी १९३०. बाकी सगळं नंतर. हा केंद्राच्या गृह मंत्रालयाचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ, रक्कम, तुमचं खातं एवढं हाताशी ठेवा. तुम्ही सांगितलं की ती माहिती पैसे ज्या बँकेत गेले तिथे पोचवली जाते आणि पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच अडकवून ठेवतात. चोर थांबत नाहीत, एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चार खात्यात, मग एटीएममधून बाहेर, म्हणून पहिला तास सगळ्यात मोलाचा. नंबर लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका, आणि बँकेला वेगळं कळवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. स्क्रीनशॉट, मेसेज, फाइल काही डिलीट करू नका, रागाने लोक करतात.

भरपाईबद्दलचे नियम रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी गळती झाली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. पण तुम्हीच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं धरलं जातं, कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याच्या वेळेला किंमत आहेच, "आपणच दिलाय, आता कशाला सांगायचं" हा विचार चोराच्या फायद्याचा.

मामाचे ११,५०० रुपये एका खात्यात अडकवता आले. बाकीचे दोन दिवसांत निघून गेले होते. त्याने त्याच रात्री सांगितलं असतं तर किती वाचले असते ते मला माहीत नाही, पण हा विचार डोक्यातून जात नाही.

तक्रारीनंतर "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणून फोन आला तर?

तोही ठग. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत.

आईवडिलांना, आजीआजोबांना हे कसं समजवायचं? ते ऐकत नाहीत.

भाषण देऊ नका आणि फोन काढून घेऊ नका. मामा बँकेच्या रांगेत उभा राहून कंटाळला म्हणून हौसेने मोबाईल शिकला होता, त्याला तो अभिमान होता. तो दोन दिवस गप्प का राहिला हे मी नंतर विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सगळे हसाल वाटलं. आणि तुझी मामी म्हणाली असती, सांगत होते ना." मला तेव्हा बोलता आलं नाही. आपण घरात जेवताना फसलेल्या माणसांच्या बातम्या वाचून "काय वेडे असतात लोक" म्हणतो ना, ते आपल्याच घरातला म्हातारा माणूस ऐकत असतो आणि ठरवतो की आपल्यावर वेळ आली तर सांगायचं नाही.

आमच्याकडे आता एवढंच ठरलंय की काही शंका आली तर रात्री दोनलासुद्धा मला फोन करायचा, मी चिडणार नाही, आणि मी खरंच चिडत नाही. मामाच्या फ्रिजवर १९३० आणि बँकेचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय. त्याच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपला आणि क्रोमला ॲप टाकायची जी परवानगी होती ती बंद केली, ॲप तपासणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट चालू केलं, आणि मोठी रक्कम ठेवायचं खातं वेगळं केलं ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. रोजच्या खात्यात पाचसहा हजारच ठेवतो.

खोटा मेसेज आला पण मी फसलो नाही. तरी तक्रार करू का?

करा, दोन मिनिटं लागतात. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथीच्या साइटवर किंवा ॲपवर चक्षू म्हणून सोय आहे, मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तिथे तो नंबर, मेसेज आणि स्क्रीनशॉट टाकता येतो. तिथेच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या, अनोळखी दिसलं तर बंद करायला सांगता येतं. खोटी साइट असेल तर गुगलच्या सेफ ब्राउझिंगला कळवा, तिथे नोंद झाली की पुढच्या माणसाला ती उघडताना लाल पान दिसतं. गेल्या महिन्यात मामाने स्वतः एक साइट शोधून कळवली, वीजबिलाचीच होती. दोन दिवसांनी त्याने ती परत उघडून बघितली, लाल पान आलं, आणि त्याने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला.